वाचकांचे प्रश्न : मनालीत बर्फ, विदर्भात गारा, पुण्यात उकाडा

होळीच्या आगेमागे हवामानाविषयीची पत्रं एकदम वाढतात. सुट्टीचे बेत, बागेतला माल, घरातली वयस्कर माणसं, सगळ्यांचाच जीव शनिवार-रविवारच्या अंदाजाला टांगलेला असतो. या अंकासाठी निवडलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत. उत्तरं मात्र जिथे गरज आहे तिथे सविस्तर आहेत.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी एकाच बातमीत ऐकलं की शनिवार-रविवारी हिमाचल-उत्तराखंडात बर्फवृष्टी, विदर्भात विजांसह पाऊस आणि गारा, आणि पुण्यात पारा ३७ वर. देश एक, दिवस तेच, मग हवा तीन तऱ्हांची कशी?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तिन्ही बातम्यांमागे बऱ्याचदा एकच पाहुणा असतो, तो म्हणजे पश्चिमी चक्रावात. काही वर्तमानपत्रं त्याला झंझावात म्हणतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणारी ही कमी दाबाची प्रणाली. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारे वारे तिला इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असं करत आपल्याकडे आणतात. हिवाळ्यात महिन्याला अशा साधारण चार ते सहा प्रणाली उत्तर भारतावरून जातात. वाटेत अरबी समुद्रावरचं बाष्प मिळालं आणि पुढे हिमालय आडवा आला की हवा वर चढते, गार होते, आणि मग उंचावर बर्फ पडतो, खाली पाऊस.

आता मध्य भारताकडे या. बंगालच्या उपसागरावर जास्त दाबाचं क्षेत्र असेल, तर त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे वारे समुद्रावरची दमट हवा तेलंगण, विदर्भ, छत्तीसगडात आणून सोडतात. वायव्येकडून कोरडी हवा येतच असते. या दोन हवा भिडतात तिथे, दुपारी तापलेल्या जमिनीवर, ढग वर उसळायला लागतात. चक्रावातामुळे वरच्या थरातली हवा नेहमीपेक्षा थंड झालेली असते, त्यामुळे खालची गरम हवा आणखी जोराने वर जाते आणि ढगाचं टोक बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर शून्य अंशाची पातळी साधारण साडेचार किलोमीटरवर असते. तिच्या वर पाण्याचे थेंब गोठतात, ढगातला वर जाणारा वारा त्यांना पुन्हापुन्हा उचलतो, थरावर थर चढतात आणि पेलवेनासं झालं की गार खाली येते. ऐन पावसाळ्यात ही पातळी आणखी वर असते आणि खालची हवाही दमट असते, म्हणून तेव्हा गार वाटेतच विरघळते. हिवाळा संपताना ती जमिनीपर्यंत टिकते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राला दोन-तीन आठवडे झोडपणाऱ्या गारा याच मोसमातल्या.

पुणे बहुतेक वेळा या झुंजीच्या पश्चिमेला राहतं. चक्रावात जवळ येत असताना उत्तरेचा गार वारा बंद पडतो. आकाश निरभ्र असतं, आणि वरची हवा हळूहळू खाली बसत असते. खाली येणारी कोरडी हवा दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी तापते. कोकणात तर घाट उतरून आलेले पूर्वेचे वारे समुद्राकडच्या वाऱ्याला आत येऊच देत नाहीत. एरवी अकरा-बाराला सुटणारा खारा वारा दोनपर्यंत रखडला की मुंबईचा पारा ३७-३८ ला जातो, आणि फेब्रुवारीतही जातो.

यातून हाताशी येणारं गणित असं. हिमाचलात बर्फ सुरू झाल्याची बातमी आली की पुण्यात पहाटेचा गारवा गेलेला असतो. बर्फ थांबला, चक्रावात पूर्वेला सरकला, की उत्तरेचा वारा मोकळा होतो आणि दीड-दोन दिवसांत आपली पहाट पुन्हा गार होते. जानेवारीत हा फरक चांगला चार-पाच अंशांचा असू शकतो, मार्चमध्ये दोन-तीनचा. म्हणजे उत्तरेत शुक्रवारी आभाळ मोकळं झालं, तर रविवारी पहाटे पर्वतीला जाणाऱ्यांनी स्वेटर बाहेर काढावा. दुपार मात्र तापलेलीच राहील.

प्रश्न : वळीव आणि अवकाळी यांत फरक काय? बातम्यांत दोन्ही शब्द सरसकट वापरतात.
— सदाशिव पेठ

उत्तर : वळीव हा एप्रिल-मेचा, मोसमी पावसाच्या आधीचा. दुपारनंतर गडगडाट करून येतो आणि तासाभरात जातो. तो त्या दिवसांत यायचाच असतो, म्हणून त्याला अवकाळी म्हणणं चूक. डिसेंबर ते मार्च, रब्बी शेतात उभं असताना पडतो तो अवकाळी. शेतकरी या दोहोंत गल्लत करत नाही, कारण वळवाने मशागत होते आणि अवकाळीने हातचं पीक जातं.

प्रश्न : मोबाइलवर शनिवार-रविवारी ४० टक्के पाऊस दाखवतात. हवामान खातं म्हणतं, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस’. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर साठ माणसांचा कार्यक्रम आहे. मांडव घालायचा की नाही?
— सहकारनगर

उत्तर : ही दोन वाक्यं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ४० टक्के म्हणजे असे दहा दिवस आले तर तुमच्या जागी साधारण चार दिवस पाऊस पडेल. शहराच्या ४० टक्के भागात पडेल किंवा दिवसाचा ४० टक्के वेळ पडेल, असा त्याचा अर्थ नाही. खात्याचे शब्द पाऊस किती भागात पसरेल याविषयी असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पाव ते निम्म्या, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्मी ते पाऊण, आणि ‘बहुतेक ठिकाणी’ त्याहून जास्त. ‘हलका’ हा शब्दही मोजलेला आहे. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, आणि ६४.५ पासून पुढे ‘मुसळधार’.

मोबाइलवरच्या चित्राची एक खोड लक्षात ठेवा. दिवसातल्या सर्वांत वाईट तासाचं चित्र ते अख्ख्या दिवसावर चिकटवतं. संध्याकाळी पाचला एक सर येण्याची शक्यता असली तरी रविवारभर ढग-वीज दिसत राहते. म्हणून तासागणिक अंदाज उघडून पाहा.

आता तुमचा मांडव. अशा ढगाची एक पेशी पाच-दहा किलोमीटर रुंद असते आणि अर्धा-पाऊण तास जगते. कात्रजला धो-धो आणि बाणेरला कोरडं, हे त्यामुळेच. पाषाणच्या आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेली आणि मे २०२५ मध्ये कामाला लागलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सहा किलोमीटरच्या चौकोनांत अंदाज काढते. आधी हे चौकोन बारा किलोमीटरचे होते. ही सुधारणा मोठी आहे, तरी वादळी ढग नेमका कुठल्या पेठेवर फुटेल हे दोन दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. गुरुवारी फक्त शक्यता पाहा, शनिवारी संध्याकाळी वेळ पाहा, आणि रविवारी दुपारी हवामान खात्याचा तीन तासांचा ताजा इशारा पाहा. कार्यक्रम सकाळी ११ ते २ मध्ये बसवलात तर धोका फार कमी होतो, कारण हे ढग बहुधा तीन ते आठच्या दरम्यान फुटतात. संध्याकाळच धरायची असेल तर गच्चीवर कापडी मांडव घालूच नका, वाऱ्याने त्याचं शीड होतं. खालचा पार्किंगचा मजला रिकामा ठेवा.

प्रश्न : आम्ही चौघं (दोन मुलं, ६ आणि ११ वर्षं) शनिवारी मनालीला पोचतोय. अंदाजात ‘मनाली : पाऊस, ४ अंश’ आणि वर ‘उंच भागात हिमवृष्टी’ असं आहे. बर्फ पाहायला मिळेल का? भाड्याची गाडी स्वतः चालवायचा विचार आहे.
— औंध

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर उंचीत आहे. साधारण दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली सुमारे २०५० मीटरवर. तिथे ४ अंश असेल तर शून्य अंशाची पातळी अंदाजे ६०० मीटर वर, म्हणजे २६५० च्या आसपास. बर्फ शून्याच्या रेषेखालीही दोन-तीनशे मीटर टिकतो, म्हणून पावसाचा बर्फ होतो तो २४०० च्या पुढे. मनालीच्या वरचं सोलंग साडेपंचवीसशेच्या घरात आहे. त्यामुळे मनालीच्या मॉल रोडवर छत्री आणि सोलंगला बर्फ, असं चित्र शक्य आहे. अंदाजात मनालीचा आकडा १ किंवा २ वर आला तर बर्फ हॉटेलच्या दारात येईल. पाऊस जोरात सुरू झाला तरी तसं होऊ शकतं, कारण वितळणारा बर्फ आजूबाजूची हवा थंड करतो आणि रेषा खाली सरकते. आणखी एक आकडा कामाचा आहे. १ मिलिमीटर पाण्याचा साधारण १ सेंटिमीटर ताजा बर्फ होतो. अंदाजात २० मिलिमीटर दिसले तर सोलंगला वीतभर बर्फ धरून चाला.

गाडीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. बर्फ पडत असताना मनालीच्या वर स्वतः गाडी नेऊ नका. पुण्याच्या घाटांत वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही तिथे सराव नसतो, कारण आपला घाट ओला होतो, तो गोठत नाही. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं. ते डांबरासारखंच काळं दिसतं, म्हणून कळतच नाही. पुलांवर आणि सूर्य न पोचणाऱ्या वळणांवर ते सकाळी दहापर्यंतही राहतं. त्यावर ब्रेक दाबला की चाकं थांबतात, गाडी थांबत नाही. म्हणून सकाळी आठला निघण्याची घाई करू नका, दहानंतर निघा आणि दुपारी तीनच्या आत खाली या. बर्फात सोलंगच्या पुढे पोलीस बहुतेक वेळा फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. स्थानिक चालकाची तशी गाडी दिवसाच्या भाड्याने घ्या.

तरीही गाडी चालवायची वेळ आलीच, तर साखळ्या इंजिन फिरवतं त्या चाकांना लावायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची असतात. लोक मागे लावतात आणि गाडी जागीच घसरत बसते. साखळी लावल्यावर पन्नास-शंभर मीटर जाऊन उतरा आणि पुन्हा आवळा. वेग ४० च्या खाली ठेवा. उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेक हलका आणि तुटक. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, ओली केबल किंवा ब्रेकचे पॅड गोठून चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे दगड लावा. काच पुसायच्या टाकीत नुसतं पाणी असेल तर ते गोठतं.

मनालीहून पुढे लाहौलकडे जाणारा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे आणि तीन हजार मीटरच्या वर आहे. मनालीकडे नुसता पाऊस असताना पलीकडे सिस्सूला बर्फाचं वादळ असू शकतं. पलीकडे जाण्यापेक्षा परत येण्याची अडचण मोठी, कारण दुपारी बर्फ वाढला की बोगद्याच्या तोंडाशी रांग अडकते आणि रात्र गाडीत काढावी लागते. दोन लहान मुलं बरोबर असताना ‘हिमवृष्टी सुरू’ असा अंदाज असलेल्या दिवशी बोगदा ओलांडू नका, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर जा. मात्र ऊन पडलं म्हणून उतारावर खेळायला सोडू नका. हिमस्खलनाचा धोका बर्फ थांबल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि तोही ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठत नाही, त्याहून सपाट जागी तो सरकत नाही. चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते. धोक्याच्या पाच पातळ्या असतात. तिसरी किंवा वरची असेल तर रस्ता आणि गावाची सपाटी सोडू नका.

मुलांच्या अंगाला लागून सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की वाळतच नाही आणि अंग गार पडतं. लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल आत, मध्ये फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. मोज्यांचे तीन जोड प्रत्येकी, एक कायम कोरडा पिशवीत. आणि परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवाच. मनालीसाठीचा भुंतरचा विमानतळ अरुंद दरीत आहे, ढग उतरले की उड्डाणं रद्द होतात.

प्रश्न : संध्याकाळी आकुर्डीहून दुचाकीवर येताना अचानक धुळीचं वारं सुटतं. थांबायचं कुठे?
— चिंचवड

उत्तर : ते वारं म्हणजे ढगातून खाली कोसळलेली गार हवा. ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, म्हणून पावसाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पोचते. गार झुळूक, मातीचा वास, समोर तांबूस भिंत दिसली की तेवढाच वेळ हाताशी आहे असं धरा. पक्क्या इमारतीच्या तळमजल्यात किंवा दुकानात शिरा. होर्डिंग, पत्र्याची शेड, बांधकामाची परांची आणि झाड टाळा. एप्रिल २०२३ मध्ये किवळ्याला होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली, ती वाऱ्यापासून आडोसा घ्यायलाच तिथे थांबली होती. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्याच्याखाली गाडीसुद्धा लावू नका.

प्रश्न : थॉमसनची बाग आठ-दहा दिवसांत काढणीला येईल. शनिवारी गारपिटीचा ऑरेंज अलर्ट आहे. दोन दिवसांत काय करता येईल?
— द्राक्ष बागायतदार, नारायणगाव परिसर

उत्तर : ऑरेंज म्हणजे ‘तयारीत राहा’. यलो म्हणजे ‘लक्ष ठेवा’, रेड म्हणजे ‘कृती करा’. गारांपासून वाचवणारं जाळं दोन दिवसांत उभं राहत नाही, त्याला खांब-तारा लागतात. घाईत नुसती साडी किंवा हिरवी नेट वेलीवर टाकली तर गारांच्या ओझ्याने मांडवच बसतो. त्यापेक्षा ज्या ओळींत साखर १६ ते १८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) आली आहे, त्या शुक्रवारी सकाळी दव वाळल्यावर काढून घ्या. दर थोडा कमी मिळेल, पण मण्यांना चीर पडलेला माल कुणी उचलत नाही.

पाणी एकदम तोडू नका आणि एकदम वाढवूही नका. कोरड्या मुळांना अचानक पाणी मिळालं आणि सालीवरूनही पाणी शोषलं गेलं की मणी तडकतो. ठिबक रोजच्यापेक्षा कमी पण नियमित ठेवा. पाऊस थांबताच, अंधार पडायच्या आत, तारा हलवून किंवा ब्लोअरची नुसती हवा मारून घडातलं पाणी झाडून टाका. घड रात्रभर ओला राहिला तर सकाळपासून कूज सुरू होते. फुटलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर न्या, त्यांचा रस शेजारच्या चांगल्या मण्यांना बिघडवतो. काढणी इतकी जवळ असताना बुरशीनाशक मारायचं तर लेबलवरचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते, आधी वाचा. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचा सल्ला फवारणीच्या आधी घ्या, नंतर नाही.

विमा उतरवला असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. गारा विरघळायच्या आत मोबाइलवर स्थान आणि वेळ नोंदलेले फोटो काढा. एक गार शेजारी नाणं ठेवून, एक पूर्ण ओळीचा, एक तडकलेल्या घडाचा.

प्रश्न : शनिवारी रात्री बाराजणांचा राजगडावर मुक्काम ठरलाय. गडावर वीज चमकली तर?
— ट्रेकर, सिंहगड रस्ता

उत्तर : ‘मेघगर्जनेसह’ हा शब्द अंदाजात असेल तर दुपारी चारला गड चढायला घेऊ नका. एक तर दोनच्या आत वर पोचा, नाहीतर पायथ्याच्या गुंजवण्यात थांबून नऊनंतर आभाळ पाहून निघा. आयआयटीएमचंच ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजांची सूचना देतं, पण वर मोबाइलला रेंज धड नसते. गावातच पाहून घ्या.

वर असताना लकाकी दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावर पडू शकते. बालेकिल्ला, माची, बुरूज, झेंड्याचा खांब सोडा. चोरदरवाजाच्या वाटेवरचं आणि बालेकिल्ल्याचं लोखंडी रेलिंग हाताने धरू नका, वीज लांब पडली तरी ते ती वाहून आणतं. तंबूपेक्षा पद्मावती मंदिराचा आतला भाग केव्हाही बरा. कपारीच्या तोंडाशी बसणं सर्वांत वाईट, वीज कड्यावरून उतरताना ते अंतर माणसातून उडी मारून पार करते. उघड्यावर सापडलातच तर एकमेकांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा, पावलं जुळवून सॅकवर उकिडवे बसा, आडवे होऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जागचे हलू नका. अपघात बऱ्याचदा ‘गेलं आता’ म्हणून उठल्यावर होतात.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. लगेच हात लावा, श्वास-नाडी नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहा, आणि १०८ ला फोन लावण्यासाठी दुसऱ्याला पाठवा.

प्रश्न : शिवाजीनगरला ३६.४, मोबाइलवर ३५, आमच्या गच्चीवरच्या तापमापकात ४१. आणि पहाटे शिवाजीनगरला १४ असताना आमच्याकडे १९. खोटं कोण?
— हडपसर

उत्तर : गच्चीवरचा. तो हवेचं नाही, तापलेल्या स्लॅबचं आणि स्वतःच्या काचेचं तापमान सांगतो. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, मोकळ्या जागी असतो. घरी तसा आकडा हवा असेल तर उत्तरेकडच्या बाजूला, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत टांगा. एसीचं बाहेरचं यंत्र जवळ नको.

पहाटेचा फरक मात्र खरा आहे. सिमेंट, डांबर आणि उंच इमारती रात्रभर उष्णता सोडत राहतात, म्हणून मगरपट्टा-हडपसरकडे किमान तापमान शिवाजीनगर, पाषाणपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. शिवाजीनगरच्या वेधशाळेचं आवार, जुन्या पुणेकरांचं सिमला ऑफिस, झाडीचं आहे. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव. हडपसरकरांनी पेपरातल्या किमान तापमानात तीन-चार अंश मिळवूनच रात्रीचं पांघरूण ठरवावं.

प्रश्न : मार्चमध्येच ३८, तरी ‘उष्णतेची लाट’ जाहीर होत नाही. आई ७८ वर्षांची, वरच्या मजल्यावर, गच्चीखालच्या खोलीत असते. कूलर घ्यावा का?
— धनकवडी

उत्तर : मैदानी भागात लाट जाहीर व्हायला पारा किमान ४० ला जावा लागतो आणि तो सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावा लागतो. किनाऱ्याला ही मर्यादा ३७, डोंगराळ भागात ३०. म्हणून पुण्यात ३८ ला लाट नाही आणि मुंबईत असू शकते. पण शरीर असले निकष पाहत नाही. मार्चमध्ये अंगाला उन्हाची सवय झालेली नसते, त्यामुळे तेच ३८ मेपेक्षा जास्त बाधतं. २०२२ चा मार्च देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला ठरला होता.

कूलर जरूर घ्या, पण तो केव्हा चालतो हे समजून घ्या. ३७ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या टाट्यातून येणारी हवा २४-२५ पर्यंत उतरते. आर्द्रता ६० टक्के झाली की तोच कूलर ३१-३२ च्या खाली जात नाही आणि खोली नुसती दमट होते. म्हणजे कोरड्या मार्च-एप्रिलात तो उत्तम, वळवाच्या सरीनंतर बंद करून पंखाच बरा. कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच, आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात परिणाम संपतो. बहुतेक घरांत चूक इथेच होते.

स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत आत उष्णता सोडतो. गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या, फरक त्याच दिवशी कळतो. खिडक्या सकाळी दहाला बंद, पडदे ओढलेले, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाल्यावरच उघड्या. आईंना तहान लागायची वाट पाहू नका, या वयात ती उशिरा लागते. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे (चहाचे) चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ, हे दिवसभर घोट घोट द्या. मधुमेह, रक्तदाब किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किती द्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर ओल्या कापडाने पुसत, पंख्याचा वारा घालत लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : शनिवारी रात्री दणकून पाऊस झाला आणि रविवारच्या पेपरात ‘पाऊस : ०.०’. असं का?
— येरवडा

उत्तर : खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा असतो. रविवारी छापलेला आकडा शनिवारी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा. तुमची सर रविवारी सकाळी मोजली गेली, ती सोमवारच्या पेपरात दिसेल. तोवर सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा गच्चीच्या मधोमध ठेवा, कठड्यापासून लांब. साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर उंची, तितके मिलिमीटर पाऊस.